आजारी मूल आणि त्याचा आवाज : मराठी लेखनातील एका अनुपस्थितीचा इतिहास

१. प्रश्नाची मांडणी

बंगळूरच्या उत्तरेला बळ्ळारी रस्त्यावर असलेल्या हेब्बाळ येथे एक वीरगळ सापडला आहे. गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातला, म्हणजे इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या मध्यातला हा कन्नड शिलालेख कित्तय्य नावाच्या योद्ध्याचे स्मरण करतो. आजच्या हेब्बाळचे जुने नाव त्यात 'पेर्बोळल' असे येते. लढाईत पडलेल्या कित्तय्याला मरणानंतर एक दगड, एक आकृती आणि काही ओळी मिळाल्या. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सलग प्रदेशात असे वीरगळ गावोगाव आहेत. त्याच गावांतून तापाने, देवीने, हगवणीने गेलेल्या मुलांची संख्या योद्ध्यांच्या कितीतरी पट असली पाहिजे. आजारात गेलेल्या मुलासाठी दगड उभा करण्याची प्रथा मात्र नव्हती. तान्ह्या मुलाला दहन न करता पुरावे, त्याचे दिवसही पुरते पाळू नयेत, असाच सर्वसाधारण प्रघात होता. इतिहासाच्या साधनांत मुलाच्या दुखण्याला जागा नाही, ही गोष्ट येथूनच सुरू होते.

आधुनिक काळात ही जागा निर्माण झाली, असे वरवर पाहता वाटते. नोंदवह्या आल्या, चरित्रे आली, आत्मचरित्रे आली, रुग्णालये आली. परंतु या साहित्याकडे जवळून पाहिले तर एक विसंगती जाणवते. मराठीत आजारी मुलाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आजारी मुलाने स्वतः सांगितलेले असे फार थोडे आहे. मूल हे दुखण्याचे स्थान असते. दुखण्याचे निवेदन मात्र आई, वडील, वैद्य, सरकारी अंमलदार किंवा लेखक करतो.

या अनुपस्थितीचा इतिहास मांडणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. मुलाचा आवाज उमटतो तो मुख्यतः जेथे कोणी मोठे माणूस मुलाला काही सांगण्याची जबाबदारी घेते तेथे, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. ज्याला काहीच सांगितले जात नाही, त्याला विचारलेही जात नाही. आणि ज्याला विचारले जात नाही, त्याचे बोलणे नोंदले जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. घर, लस, प्लेग आणि वॉर्ड अशा चार टप्प्यांतून हा प्रश्न पाहून शेवटी आपण पुन्हा हेब्बाळला येऊ. तेथे १९७३ साली बॅप्टिस्ट हॉस्पिटल सुरू झाले आणि अलीकडच्या काळात त्या परिसरात इतरही मोठी रुग्णालये उभी राहिली. मराठी घरातले मूल अशा बहुभाषिक वॉर्डात दाखल होते, तेव्हा आवाजाचा हा प्रश्न अक्षरशः भाषेचा प्रश्न होतो.

२. घराची भाषा : देवी, नाव आणि नवस

मुलाच्या गंभीर आजाराबद्दल बोलण्याची मराठीतील सर्वांत जुनी भाषा घरातली आहे. या आजाराला मराठीने नावच 'देवी' दिले. देवी 'होत' नसत, 'येत' असत. देवी आलेल्या घरात कडुलिंबाचा पाला असे, अनेक घरांत फोडणी बंद होई, बाहेरच्यांचे येणे थांबे आणि आजारी मुलाशी अदबीने बोलले जाई. कन्नड प्रदेशातही अशा आजाराला 'अम्म' म्हणजे आई म्हणण्याची रीत आहे. दोन्ही भाषांत व्याधीला स्त्रीरूप आणि मान दिलेला आहे.

या व्यवस्थेला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तिचे एक निराळे कार्य दिसते. आजारी मूल काही दिवस देवीचे वसतिस्थान होई. त्याचे विव्हळणे घरभर ऐकले जाई. पण त्याचा अर्थ मुलाची वेदना असा न लावता देवीचा रोष असा लावला जाई. आई क्षमा मागे ती देवीची. अंगाची आग होते आहे हे मूल सांगे आणि घर ते देवीच्या भाषेत ऐके. म्हणजे आवाज दडपला जात नसे. तो दुसऱ्याच्या नावावर जमा होत असे. मुलाला एकटे न सोडणे आणि त्याच्या दुखण्याला अर्थ देणे ही दोन्ही कामे ही भाषा करीत होती. मुलाला स्वतःच्या दुखण्याचा धनी मानणे मात्र तिच्यात बसत नव्हते.

दुसरे साधन म्हणजे नावे. आधीची मुले दगावली असतील तर पुढच्या मुलाला दगडू, धोंडू, केरू, भिकू, उकिरडा अशी नावे ठेवीत. दगडाला कोण नेणार, केराकडे कोण पाहणार, हा त्यामागचा भाव. कन्नडमधील तिप्पण्णा हे नाव 'तिप्पे' म्हणजे उकिरडा या शब्दावरून येते. तेलुगूतील पेंटय्या त्याच कुळातला, आणि बंगालीतील तिनकडी, पाँचकडी ही नावे मूल तीन-पाच कवड्यांना विकल्याचा आभास निर्माण करतात. सटवाईने सहाव्या रात्री लिहिलेले ललाट फसवण्याची ही सार्वत्रिक युक्ती होय. तौलनिक अभ्यासकाने या नावांकडे केवळ लोकसमजूत म्हणून न पाहता साधन म्हणून पाहिले पाहिजे. गेलेल्या भावंडांची कोठेही न झालेली नोंद जगलेल्या मुलाच्या नावात आहे. धोंडू हे एका मुलाचे नाव आहेच. ते एका कुटुंबाच्या मृत्युनोंदीचे शेवटचे अक्षरही आहे. आणि ते नाव आयुष्यभर वागवणाऱ्या मुलाला त्याचा अर्थ कोणी, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगितला असेल, हा प्रश्न तेथेच अनुत्तरित राहतो.

३. टोचलेले दंड

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली आणि ती लागू पडली. भारतातील हे पहिले यशस्वी लसीकरण मानले जाते. लस बगदाद आणि बसरा मार्गे आली होती. शीतकरणाची सोय नसलेल्या त्या काळात ती टिकवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे एका मुलाच्या दंडावरील पुळीतला द्रव दुसऱ्या मुलाच्या दंडात घालणे. भारतातील इतर शहरांकडे लस पोहोचली ती या मुलीपासून सुरू झालेल्या साखळीतून. १८०३ मध्ये स्पेनहून अमेरिका खंडाकडे निघालेल्या बाल्मिस मोहिमेतही बावीस अनाथ मुलगे याच कामासाठी जहाजावर घेतले होते. वैद्यकाच्या इतिहासात ही मुले लसीची वाहने म्हणून येतात. ॲनाचे नाव, वय आणि तिच्या दंडाची अवस्था आपल्याला माहीत आहे. तिने काय विचारले आणि तिला काय सांगितले गेले, हे कोणाला नोंदण्याजोगे वाटले नाही.

याच सुमारास म्हैसूर दरबारात एक चित्र तयार झाले. टॉमस हिकी या चित्रकाराच्या साधारण १८०५ सालच्या या तैलचित्रात तीन राजस्त्रिया आहेत. इतिहासकार नायजेल चान्सलर यांच्या मांडणीनुसार त्यांपैकी दोघी तिसऱ्या कृष्णराज वडेयरांच्या तरुण राण्या असून उजवीकडच्या राणीचा हात लस टोचलेल्या जागेकडे लक्ष वेधतो. डावीकडच्या राणीच्या चेहऱ्यावरील फिकट डाग जुन्या पद्धतीच्या टोचणीचे असावेत. हा अन्वयार्थ स्वीकारला तर हे चित्र म्हणजे प्रजेला लसीकडे वळवण्यासाठी केलेले आवाहन ठरते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की या राण्या वयाने लहान मुलीच होत्या, आणि स्वतः राजाही १७९९ मध्ये पाच वर्षांचा असताना गादीवर बसवला गेला होता. मुंबईतील मुलीचा दंड हे प्रयोगाचे स्थान झाले, म्हैसूरच्या राणीचा दंड हे राज्याच्या प्रचाराचे. दोन्ही ठिकाणी मुलीचे शरीर बोलते आणि मुलगी गप्प राहते.

पुढे लसीसाठी मुलांऐवजी वासरांचा उपयोग होऊ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावला लसनिर्मितीची संस्था उभी राहिली आणि तिथून मुंबई इलाख्याला लस जाऊ लागली. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मधला. १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. मराठीत 'देवी काढणे' म्हणजे लस टोचणे असा अर्थ रूढ झाला तो या काळात. घराची भाषा आणि सरकारची मोहीम यांची एका शब्दात झालेली ही तडजोड मराठीच्या आरोग्यविषयक शब्दसंग्रहात वेगळी उठून दिसते.

४. शाळकरी मुलीचा निबंध आणि चौदा वर्षांची आई

एकोणिसाव्या शतकातील मराठीत लहान वयाच्या व्यक्तीने आजारपणाविषयी काही लिहिल्याचे एक मोलाचे उदाहरण आहे. फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध 'ज्ञानोदय'च्या १८५५ सालच्या दोन अंकांत छापला गेला. अस्पृश्यांच्या दुःस्थितीचे वर्णन करताना ती बाळंतिणींच्या हालांकडे वळते. डोक्यावर छप्पर नसलेल्या स्त्रियांना थंडी-पावसात कसे सोसावे लागते, बाळंतपणात रोग झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कोठून येणार, असे प्रश्न ती उपस्थित करते, आणि उच्चवर्णीयांमध्ये फुकट औषध देणारा कोणी वैद्य झाला आहे काय, असे सरळ विचारते.

ही मुलगी स्वतः रुग्ण म्हणून बोलत नाही, साक्षीदार म्हणून बोलते. आणि तिला जमले ते इतरांना का जमले नाही, याचे उत्तर शाळेत आहे. शिक्षकांनी तिला जगाविषयी काही सांगितले, तिच्याकडून काही ऐकायचे आहे असे मानले आणि ते छापले जाण्याची सोय झाली. वर मांडलेल्या प्रतिपादनाचा हा पहिला पुरावा होय. आजाराचा अनुभव वस्तीतल्या सर्वच मुलींना होता. ज्या मुलीशी कोणी बोलले, तिचाच तो अनुभव संहिता झाला.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाईंना वयाच्या चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांचे होऊन गेले. योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही, आणि त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या, असे त्यांची चरित्रे सांगतात. फेब्रुवारी १८८३ मध्ये सेरामपूर येथे त्यांनी अमेरिकेस जाण्याची कारणे जाहीरपणे मांडली. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आतच गेल्या. कॅरोलिन डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ मधले; मराठीत काशीबाई कानिटकरांचे चरित्र आणि नंतर श्री. ज. जोशी यांची १९६८ मधील 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी यांनी ही कथा घरोघरी नेली.

या कथेच्या वाचनात एक गोष्ट सहसा निसटते. आपण तिला मातेच्या शोकाची कथा म्हणून वाचतो. पण ती माता स्वतः चौदा वर्षांची मुलगी होती. त्या खोलीत दोन बालके होती आणि दोघांनाही वैद्यकाची गरज होती. आजच्या कोणत्याही रुग्णालयात तिला बालरोग किंवा किशोरवयीन विभागाचाच रुग्ण मानले गेले असते. चरित्रपरंपरेने तिला चटकन 'आई' केले आणि त्यामुळे आजारी मुलीचा अनुभव मातृत्वाच्या अनुभवाखाली झाकला गेला. मराठी संस्कृतीत मुलीचे बालपण किती लवकर संपवले जाई, याचा परिणाम साहित्याच्या वर्गीकरणावरही झालेला आहे.

५. प्लेग आणि उशाशी बसण्याचा हक्क

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. रुग्णाला रुग्णालयात आणि त्याच्या संपर्कातील माणसांना विलगीकरणाच्या छावणीत नेण्याचे अधिकार सरकारला मिळाले. पुण्यातील घरझडत्या, सैनिकांचा वापर आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेला हल्ला हा राजकीय इतिहास सुपरिचित आहे. त्याच इतिहासाला आजारी मुलाच्या बाजूने पाहिले तर निराळाच प्रश्न पुढे येतो. लोकांना भय प्लेगचे होतेच. पण तितकेच भय ताटातुटीचे होते. ताप आलेले मूल लपवले जाई, ते त्याला एकटे नेतील म्हणून.

हा विषय त्या काळच्या सार्वजनिक वादांत आलेला आहे. पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन'मधून पुण्यातील प्लेग रुग्णालयात स्त्रिया व मुलींची कशी स्थिती होते याबद्दल कठोर आक्षेप नोंदवले. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडमध्ये केलेले आरोप त्यांना परत आल्यावर मागे घ्यावे लागले आणि माफी मागावी लागली. टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला. जातीचे नियम सांभाळणे हा अशा रुग्णालयांचा एक हेतू होताच; पण आप्ताने उशाशी बसावे ही मागणीही त्यात होती. मराठी समाजाने रुग्णाच्या हक्काची भाषा प्रथम अशा रूपात उच्चारली, असे म्हणता येईल. फक्त हा हक्क कुटुंबाचा मानला गेला. मुलाला कोणाची सोबत हवी आहे, हे विचारण्यापर्यंत ती मागणी गेली नाही.

सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू १० मार्च १८९७ चा. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ हडपसरच्या बाजूला प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला स्वतः उचलून दवाखान्यात आणले, आणि त्या शुश्रूषेत त्यांनाच लागण झाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मुलगा वाचला.

ज्या रोगात रक्ताच्या नात्यांनीही दूर व्हावे, त्या रोगात जातीची आणि रक्ताची दोन्ही सीमा ओलांडून एका स्त्रीने मुलाला पाठीवर घेतले, हा या घटनेचा अर्थ महाराष्ट्राने ओळखला आहे. पुतळ्यांतून, चित्रांतून, पाठ्यपुस्तकांतून तो रुजला आहे. आपला प्रश्न त्या अर्थाला धक्का लावत नाही. तो एवढाच की वाचलेला पांडुरंग पुढे काय म्हणाला? तापात त्याला कोणाच्या पाठीवर आहोत हे कळले होते का? ज्या बाईने आणले ती गेली, हे त्याला कोणी सांगितले? अपराधाची, कृतज्ञतेची, एकटेपणाची कोणती भावना तो पुढे वागवत राहिला असेल? वाचलेल्या मुलाचा अनुभव हा गंभीर बालआजाराच्या इतिहासातील स्वतंत्र अध्याय आहे, आणि मराठीत या प्रसंगी तो संपूर्ण कोरा आहे.

१८९८ च्या ऑगस्टमध्ये प्लेग बंगळूरला पोहोचला. दाट वस्ती मोकळी करण्यासाठी मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या रुंद रस्त्यांच्या वसाहती आखल्या गेल्या; १९०० मध्ये व्हिक्टोरिया हॉस्पिटल सुरू झाले. लोकांनी 'प्लेगम्मा'ची देवळेही उभारली. नवे रुग्णालय आणि नवी देवी एकाच शहरात, एकाच साथीतून जन्माला आल्या. देवीच्या आजाराला लाभलेली जुनी घरगुती भाषा नव्या रोगालाही लावून पाहण्याचा हा प्रयत्न होता. जेथे सरकारी भाषा माणसांना वेगळे करीत होती, तेथे ही भाषा निदान एकत्र बसू देत होती.

६. खिडकीतला अमल

मराठीतील या शांततेशेजारी बंगालीतील एक संहिता ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल. रवींद्रनाथ ठाकुरांचे 'डाकघर' १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील अमल हा दत्तक घेतलेला आजारी मुलगा. कविराजाने त्याला बाहेर पडण्यास मनाई केली आहे. शास्त्रवचने त्याच्या डोक्यावरून बोलली जातात. तो खिडकीत बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुले वेचणाऱ्या सुधाशी बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो.

या नाटकाच्या मागे रवींद्रनाथांचे स्वतःचे अनुभव आहेत. मुलगी रेणुका १९०३ मध्ये क्षयाने गेली. तिला हवापालटासाठी अल्मोड्याला नेले असताना 'शिशु'मधील कविता लिहिल्या गेल्या. धाकटा मुलगा शमींद्रनाथ १९०७ मध्ये पटकीने गेला. आजारी मुलीजवळ बसलेला बाप बालकाच्या तोंडची कविता लिहितो, आणि पुढे काही वर्षांनी आजारी मुलालाच नाटकाचा केंद्रबिंदू करतो, हा प्रवास लक्षणीय आहे. अर्थात अमलचा आवाजही मोठ्या माणसाने लिहिलेलाच आवाज आहे. फरक एवढा की येथे मुलाला प्रश्न विचारण्याची मुभा आहे आणि नाटक त्या प्रश्नांवर उभे आहे.

या संहितेचे पुढे जे झाले ते तौलनिक साहित्याच्या कोणत्याही अभ्यासकाला विसरता येण्यासारखे नाही. वॉर्सा घेट्टोतील अनाथाश्रमाचे संचालक, बालरोगतज्ज्ञ यानुश कोर्चाक यांनी १८ जुलै १९४२ रोजी आपल्या मुलांकडून हे नाटक बसवून घेतले. ऑगस्टच्या आरंभी ती मुले, कोर्चाक आणि त्यांचे सहकारी ट्रेब्लिंकाला नेले गेले. उपाशी, आजारी मुलांना मृत्यूविषयी काहीतरी खरे सांगायचे आणि तरीही त्यांचा घात करायचा नाही, या पेचातून एका डॉक्टरला बंगालमधील नाटक सापडले. सांगण्याची जबाबदारी साहित्य कशी उचलू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण दुसरे नसेल.

७. वॉर्ड आणि 'सांगणे'

मुंबईत परळला १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय आणि १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. स्वतःच्या मुलीच्या पोलिओतून मार्ग शोधणाऱ्या फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी चिकित्सालय काढले. एका आईचा खाजगी अनुभव संस्थेत रूपांतरित झाल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

ब्रिटनमध्ये त्या काळी रुग्णालयात दाखल मुलाला आईवडिलांना भेटण्यावर कडक निर्बंध असत. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या मुलीच्या रुग्णालयवासावर केलेला चित्रपट आणि १९५९ चा प्लॅट अहवाल यांनी ही व्यवस्था बदलण्यास चालना दिली. आपल्याकडील सरकारी रुग्णालयांत आई खाटेजवळ राहते ती मुख्यतः परिचारिका पुरेशा नसतात म्हणून. प्लॅट अहवालाने हक्क म्हणून मागितलेली गोष्ट आपल्याकडे टंचाईतून मिळाली. तिची किंमतही कुटुंब मोजते. आई खाटेखाली सतरंजीवर, वडील औषधांच्या आणि पैशाच्या खिडक्यांवर, आणि धाकटी भावंडे गावी आजीकडे. गंभीर आजारात कुटुंब असे तीन ठिकाणी विभागले जाते. परगावाहून आलेल्या कर्करोगग्रस्त मुलांना कुटुंबासह राहण्यासाठी २००६ पासून मुंबईत सेंट ज्यूड केंद्रे सुरू झाली, ती या गरजेतूनच.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांच्या अभ्यासात असे दाखवले की कोणीही सांगितले नाही तरी मुलांना आपल्या स्थितीची कल्पना येते. ती एकमेकांकडून, औषधांवरून, मोठ्यांच्या चेहऱ्यांवरून सर्व गोळा करतात, आणि मोठ्यांना त्रास होऊ नये म्हणून माहीत नसल्याचे सोंग करतात. मोठेही तेच करतात. 'उद्या बरं वाटेल हं' हे मराठी घरातील वाक्य या दुहेरी सोंगाचे सार आहे. मुलाला न सांगण्यामागे माया असते, यात शंका नाही. त्या मायेमुळे मूल मात्र आपल्या भयासह एकटे पडते.

मराठीत या पेचाला सर्वांत थेट भिडलेली कलाकृती म्हणजे संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) हा चित्रपट. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कोकणातील परशुराम या लहान मुलाला डोळ्यांच्या पडद्याचा कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. मुलाला सांगितल्याशिवाय शस्त्रक्रिया करायची नाही, अशी भूमिका डॉक्टर घेतात. सांगण्याचे शब्द आजोबांना सापडत नाहीत. शस्त्रक्रिया लांबते तेव्हा आजोबा मुलाला घेऊन रुग्णालयातून बाहेर पडतात आणि दृष्टी असेपर्यंत त्याला जग दाखवतात. चित्रपटाचे नाट्य रोगात नाही. ते एका वाक्यात आहे, जे कोणालाच बोलवत नाही. मुंढव्याच्या पांडुरंगाला उचलून नेले गेले. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी कोकणातल्या परशुरामाला आधी सांगावे लागते. या दोन प्रसंगांमधले अंतर म्हणजेच मराठीतील बालरुग्णाचा इतिहास होय. परशुरामाचा संताप, त्याचे प्रश्न आणि त्याचे रुसणे चित्रपटात ऐकू येते, ते त्याला सांगण्याचे ठरले म्हणून.

आत्मचरित्रात हा आवाज नसीमा हुरजूक यांच्या 'चाकाची खुर्ची'मध्ये मिळतो. वयाच्या सोळाव्या वर्षी कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या नसीमाताईंनी पुढे कोल्हापुरात अपंगांसाठी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली. किशोरवयीन मुलीच्या शरीराची लाज, घरच्यांच्या सेवेचे ओझे, जगण्याबद्दलची निराशा हे सारे येथे प्रथमपुरुषी येते. मात्र तेही प्रौढपणी आठवलेले आहे. आजारी मुलाचे आत्मकथन हे जवळजवळ नेहमीच वाचलेल्याचे आत्मकथन असते, ही या साहित्यप्रकाराची मूळ मर्यादा अभ्यासकाने नजरेआड करू नये.

८. हेब्बाळ : वॉर्डातील भाषा

आता पुन्हा हेब्बाळकडे. बंगळूरचे मराठी भाषकांशी नाते १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीपासूनचे आहे. नामदेव शिंपी, भावसार, आरे मराठे अशा समाजांतून मराठी येथे घरातली भाषा म्हणून टिकली. नोकरीनिमित्त आलेल्या नव्या पिढीने तिच्यात भर घातली. बेळगाव-बिदरच्या सीमाभागातील कुटुंबांसाठी बंगळूर हे राजधानीचे शहर आहे. अशा घरातले मूल गंभीर आजाराने येथील वॉर्डात येते, तेव्हा त्याच्याभोवती कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी आणि इंग्रजी असते. मराठी असते ती फक्त उशाशी.

येथे पहिली अडचण वेदनेच्या शब्दांची आहे. मराठी मूल 'दुखतं' एवढेच म्हणत नाही. ठणकतं, ठसठसतं, चमकतं, भगभगतं, कळ येते, मुंग्या येतात, आग होते, असे ते म्हणते. यांतील प्रत्येक शब्द वेदनेचा निराळा प्रकार सांगतो आणि निदानाला उपयोगी पडू शकतो. कन्नडचेही असे स्वतःचे भांडार आहे. परंतु मराठीतून हिंदीत, हिंदीतून कन्नडमध्ये आणि तेथून इंग्रजी नोंदीत जाताना या साऱ्यांचे 'नोवु' आणि मग 'पेन' होते. मुलाचा आवाज हरवण्याची ही अगदी व्यावहारिक पातळी आहे, आणि ती भाषांतराची समस्या आहे.

दुसरी अडचण संमतीची. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९२ मध्ये शिक्कामोर्तब केले. स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा मुलाचा हक्क त्यात आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात सहभागी होणाऱ्या सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाची लेखी अनुमती घ्यावी लागते, आणि ती त्याला समजेल अशा भाषेत. पालकाची ती 'संमती', पण मुलाची? मराठीत या दुसऱ्या कृतीसाठी घरात रुळलेला शब्द नाही. शब्द नाही याचे कारण, ती कृती आपल्या घरांत नव्हती.

तिसरी गोष्ट अडचणीची कमी आणि आशेची अधिक आहे. मुले भाषा लवकर उचलतात. शेजारच्या खाटेवरच्या मुलाशी खेळता खेळता मराठी मुलाला कन्नड येऊ लागते, आणि मग परिचारिका आणि आई यांच्यामध्ये तेच दुभाषी होते. अशा मुलापासून काही लपवणे शक्य नसते. बातमी आईला कळण्याआधी त्याच्या तोंडून जाते. ब्लूबाँड-लँगनर यांनी वर्णन केलेले सोंग बहुभाषिक वॉर्डात टिकत नाही. दुभाषी झालेले मूल एका अर्थी आपल्याच आजाराचे पहिले निवेदक असते.

९. समारोप

या विवेचनाला एक मर्यादा घातली पाहिजे. तान्ह्या मुलांच्या बाबतीत आवाजाची मागणी निरर्थक आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बालकांच्या मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा घरच्यांनी सांगितलेल्या हकिगतींनाच पुराव्याचे मोल मिळाले. तेथे आईचे निवेदन हेच मुलाचे निवेदन आहे, आणि ते काळजीपूर्वक ऐकले गेल्यामुळे गावपातळीवरच्या उपचारांची दिशा ठरली. आईच्या आवाजाला कमी लेखणे हा येथे हेतू नाही. मूल बोलू लागल्यानंतरही आपण आईचेच ऐकत राहिलो, एवढेच दाखवायचे आहे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांपुढे यातून काही कामे उभी राहतात. नावांची, अंगाई-नवसांची आणि वेदनावाचक क्रियापदांची मराठी-कन्नड-तेलुगू तुलना हे एक. चरित्र-आत्मचरित्रांतील आजारपणाचे प्रसंग मुलाच्या बाजूने पुन्हा वाचणे हे दुसरे. आणि बहुभाषिक वॉर्डांत बोलल्या जाणाऱ्या भाषेचे, मुलांच्या व कुटुंबांच्या परवानगीने आणि त्यांची ओळख जपून, दस्तऐवजीकरण करणे हे तिसरे. यांतील तिसरे काम तातडीचे आहे, कारण ती साधने आज तयार होत आहेत आणि उद्या उरणार नाहीत. डॉक्टरांना दुभाषी हवा असतो तो लक्षणे समजण्यासाठी; मुलाला तो हवा असतो आपले म्हणणे पोहोचावे म्हणून. भाषेच्या अभ्यासकांना या दुसऱ्या गरजेची जाणीव असली पाहिजे. कारण रडल्याशिवाय आईदेखील दूध पाजत नाही असे म्हणणाऱ्या आपल्या भाषेत, रडणे आणि बोलणे यांतला फरक ऐकणाऱ्याची अजूनही गरज आहे.